मिशीतली खूण

"या गंजिफांत खूण आहे," पाहुणे भर दरबारात म्हणाले आणि रंगराव राजांचा चेहरा पडला.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. राजांनी ते मुद्दाम करवून घेतले होते. दरबारचा जादूगार हैबती साध्या पत्त्यांवर हातचलाखी करतो, हे त्यांना कमीपणाचं वाटायचं. मग काय, कडेला सोनं, वर चकचकीत लाख आणि प्रत्येक पत्त्याच्या पाठीवर खुद्द राजे, मिशांसकट! पत्ते देखणे होते, यात वाद नाही. जादू सुरू होण्याआधीच दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना पगारच त्याचा मिळायचा. नव्या लाखेवरून हैबतीची बोटं मात्र घसरत होती. तरी त्याने शेजारच्या संस्थानातून आलेल्या भाऊसाहेबांनी ओढलेलं पान बरोबर ओळखलं.

भाऊसाहेबांनी नाक मुरडलं. "खास पत्ते उगाच कोण करवून घेतं? कुठल्यातरी मिशीत एखादा केस जास्त काढला असेल."

आता आली का पंचाईत! पाहुण्यावर रागावता येईना, म्हणून राजांनी राग काढला गरिबावर. पत्ते रंगवणाऱ्या बाबाजी चिताऱ्याला त्यांनी बोलावलं. "गंजिफांत खोट नाही, हे उद्या भाऊसाहेबांच्या तोंडून वदवून घे. नाहीतर बिऱ्हाड उचलायचं आणि संस्थानाबाहेर व्हायचं."

बाबाजीने सगळे पत्ते पाहुण्यांपुढे पसरले, हातात भिंग दिलं. भाऊसाहेबांना काही सापडलं नाही. "सापडत नाही, म्हणजे फारच सफाईने लपवली आहे," ते म्हणाले. अशा माणसापुढे ब्रह्मदेवानेही हात टेकले असते. बाबाजी घरी येऊन भांडी बांधायला लागला.

"बाबा, भांडी राहू द्या," त्याची मुलगी मथुरा म्हणाली. "उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी दरबारात ती भाऊसाहेबांपुढे हात जोडून उभी राहिली. "साहेब, आपल्या पालखीचे भोई देवडीवर पत्ते खेळतायत. ते पत्ते कुणाचे?"

"आमच्याच माणसांचे. का?"

"घटकाभर मागवाल का?"

पत्ते आले. मळके, तंबाखूचा वास मारणारे. हैबतीच्या बोटांना एकदम जीव आला. भाऊसाहेबांनी स्वतः पिसले, स्वतः पान ओढलं, स्वतः परत खुपसलं. हैबतीने ते पान काढून अलगद त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं, पण मथुरा आधी बोलली. "खोट पत्त्यांतच असेल, तर आपल्या भोयांना बोलवावं लागेल, साहेब. आमच्या जादूगाराला ते कधीपासून सामील आहेत, ते आपणच विचारा."

भाऊसाहेब मेले तरी आपल्या माणसांना लबाड म्हणणार नव्हते. "पत्त्यांत काही नाही," ते पुटपुटले. "सगळी करामत याच्या हातात आहे."

"आणि कालच्या गंजिफांत?"

"त्यातही नाही," ते कसेबसे म्हणाले.

राजे खूश झाले, पण मनातून खट्टूही. "पोरी, एवढं सोनं ओतलं मी. मग त्या गंजिफांत कमी काय होतं?"

"कमी काहीच नाही, सरकार. वाहवा झाली ती पत्त्यांची, संशय आला तोही पत्त्यांचाच. मग जादूगाराला दरबारात बोलावलंत कशाला?"

राजे पोट धरधरून हसले. हातातलं कडं काढून त्यांनी मथुरेला दिलं, बाबाजीला कायमचं घर दिलं आणि गंजिफा राणीवशात खेळायला धाडून दिल्या.