साठावा खांब

एकदा समुद्रकाठच्या एका गावात एक वृद्ध तांडेल राहत असे. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. पन्नास वर्षं त्यानं होडी हाकली, गुडघे दगा देऊ लागले तेव्हा ती पुतण्याच्या हवाली केली आणि उरलेला काळ दाराशी बसून फाटकी जाळी सांधण्यात घालवायचं ठरवलं. बायको हयात असताना तिच्याकडून तो क्रोशाचं विणकामही शिकला होता. त्याच्या जाडजूड बोटांत ती बारीक सुई पाहून नव्या माणसाला हसू येई. पण गावातल्या ज्या बाईला विणकाम शिकायचं असेल ती मुकाट्यानं त्याच्याच ओट्यावर येऊन बसे, कारण त्याच्या हातचा टाका सुटलेला कोणी पाहिला नव्हता.

त्याच्याकडे एक शिष्या आली. शिष्या म्हणजे काही कोवळी पोर नव्हे. चाळिशीला टेकलेली संसारी बाई, चौदा वर्षांच्या लेकीची आई. लेकीचं नाव अबोली, पण नावापुरतीच. शाळेच्या तलावात ती माशासारखी पोहायची, आणि आता शाळेनं समुद्रातली शर्यत ठेवली होती. किनाऱ्यावरच्या वाळूच्या पुळणीवरून निघायचं, समोरच्या काळ्या खडकाला हात लावायचा आणि परत यायचं. पोहण्याच्या कपड्यांवर घालायला अबोलीला जाळीचा स्कर्ट हवा होता, कमरेभोवती गुंडाळून नाडीनं बांधायचा. जाळीनं झाकलं काय जाणार, हा प्रश्न गावातल्या बायकांनी एकमेकींना विचारून पाहिला आणि उत्तर न मिळाल्यानं सोडून दिला.

आई लेकीला म्हणाली होती, "मी विणून देते. तो पुरा झाला की उतर समुद्रात. त्याआधी पाण्याला पाय लावायचा नाही."

ही अट घालण्यामागे एक जुनं दुःख होतं. तिची धाकटी बहीण शेवंती अठरा वर्षांपूर्वी एका दुपारी ओहोटीच्या वेळी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, गोळा करायला पुळणीवर गेली होती. शिंपल्यांनी अर्धी भरलेली टोपली सापडली. शेवंती सापडली नाही, तिचं काहीच सापडलं नाही. तेव्हापासून भर दुपारी बाराला त्या पुळणीवर कोणी फिरकत नसे. पांढरी वाळू, पांढरं ऊन आणि कुत्रंसुद्धा नाही.

शिष्येला मात्र घरचा स्वयंपाक उरकून नेमकी तीच वेळ मोकळी मिळे, आणि तांडेलाचा ओटा नेमका समुद्राच्या समोर होता.

काम अगदी सोपं होतं, पहिल्यांदा सुई धरणाऱ्यालाही जमेल असं. एक खांब, म्हणजे उंच उभा टाका, घालायचा, एक साखळी घालायची, खालचा एक टाका सोडून पुन्हा खांब. असे एका ओळीत साठ खांब. ओळ संपली की काम उलटायचं आणि परत फिरायचं. कमरेपासून सुरू करून गुडघ्यापर्यंत यायचं, की झाला स्कर्ट. दुसऱ्याच दिवशी तिचा हात बसला. तांडेलानं मान डोलावली. त्याच्याकडून एवढी शाबासकी म्हणजे डोक्यावरून पाणी.

चौथ्या दिवशी तिनं खांब मोजले. बावन्न निघाले.

तिनं पुन्हा मोजले, बोट ठेवून मोजले. बावन्नच. कमरेपाशी साठ होते आणि आठ ओळींत आठ खांब नाहीसे झाले होते. कापड खाली निमुळतं होत चाललं होतं. तिनं सगळं उसवलं, नव्यानं सुरुवात केली आणि तीन दिवसांनी मोजलं, तर पुन्हा तेच. प्रत्येक ओळीमागे एक खांब. कुठे भोक नाही, कुठे सुटलेला धागा नाही. कोणी तरी काठावरून अलगद एकेक काढून नेत असावं, तसं.

आणि एक गोष्ट तिनं तांडेलाला सांगितली नव्हती. काठ हाताला ओलसर लागत असे. तिनं एकदा बोट जिभेला लावून पाहिलं. खारट होतं. दुपारच्या उन्हात हाताला घाम येतोच, असं तिनं मनाशी म्हटलं आणि तिचा त्यावर विश्वास बसला नाही.

शर्यतीला सात दिवस उरले. अबोली रोज शाळेतून आल्यावर विचारी, "आई, किती झाला?" आई म्हणे, "होतोय गो." स्कर्ट काही होत नव्हता.

शेवटी ती तांडेलाला म्हणाली, "काका, माझ्या दर ओळीतला एक खांब कोणी तरी घेऊन जातंय."

तांडेल हसला नाही. म्हणाला, "माझ्यासमोर एक ओळ वीण. मोठ्यानं मोज. साखळ्या मोजायच्या नाहीत, फक्त खांब."

तिनं जुनं पुन्हा उसवलं होतं. खालची ओळ पुरी साठाची होती. ती मोजत विणू लागली. समोर पुळण रिकामी होती. ओहोटीनं पाणी इतकं मागे गेलं होतं, की लाटेचा आवाजही येत नव्हता. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. तिनं काम उलटलं.

"आता बोट ठेवून मोज," तांडेल म्हणाला.

एकोणसाठ होते.

काम हातातून क्षणभरही खाली ठेवलं नव्हतं. तांडेल हातभर अंतरावर बसला होता. ओट्यावर तिसरं कोणी नव्हतं. तरी खांब गेला होता, आणि काठ ओला होता.

"शेवंती नेतेय," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तिला नकोय माझी पोर पाण्यात उतरायला. ती सांगतेय मला. नाही उतरू द्यायची मी. आजच सांगते अबोलीला."

"आज नको सांगू," तांडेल म्हणाला. "उद्या ये. मग काय सांगायचं ते सांग."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा ओटा रिकामा होता. तांडेल भर बाराच्या उन्हात पुळणीवर उभा होता, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात, आणि त्याच्यासमोर पाण्यात एक लाकडी स्टूल ठेवलं होतं. म्हातारा भ्रमिष्ट झाला असंच तिला वाटलं. पण गुरूनं बोलावलं होतं. अठरा वर्षांत प्रथमच तिनं त्या वाळूवर पाऊल ठेवलं.

"बस," तो म्हणाला. "तोंड गावाकडे. पाठ समुद्राकडे. एक ओळ वीण."

ती बसली. थंड पाणी पायांना लागलं तसं तिचं अंग शहारलं. धाग्याचा गुंडा मांडीत ठेवून ती विणू लागली. पंधराव्या खांबापाशी तिला वाटलं, मागे कोणी उभं आहे. तांडेल तर समोर होता. तिसाव्या खांबापाशी मागे पाणी चुळकन वाजलं, कोणी पाऊल उचलून ठेवावं तसं. तिनं तांडेलाच्या तोंडाकडे पाहिलं. तो तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

"सुईकडे बघ," तो म्हणाला.

पन्नासाव्या खांबाला गुंडा मांडीवरून घरंगळला आणि मागे पाण्यात गेला. धागा तिच्या कमरेला वळसा घालून मागे ताणला गेला. लाट ओढते तसा हिसका नव्हता. कोणी तरी सावकाश, हळुवार धागा गुंडाळून घेत होतं. अठ्ठावन्न. एकोणसाठ. आता मान वळणारच होती. अठरा वर्षांची सवय तिची मान वळवत होती.

"अजून एक आहे," तांडेल म्हणाला.

तिनं डोळे सुईवर रोवले आणि तो शेवटचा खांब घातला. साठ. त्याच क्षणी मागचा धागा सैल पडला आणि ओला गुंडा एका लाटेबरोबर तिच्या पायाशी येऊन थांबला.

ती रडू लागली. तांडेलानं तिला रडू दिलं, आणि मग तो बोलला.

"पोरी, काल तुझं तोंड साठ म्हणालं, पण हात एकोणसाठावर थांबला होता. ओळ संपत आली की तू मान वर करतेस, समुद्राकडे बघतेस, आणि शेवटचा खांब न घालताच काम उलटतेस. दर ओळीला. मी पहिल्या दिवसापासून बघतोय. मी सांगितलं असतं तरी तुला खरं वाटलं नसतं, म्हणून तुझी पाठ फिरवली. तुझा खांब कोणी नेत नाही. तूच तो बहिणीसाठी ठेवून येतेस, ती आली तर तिला जागा असावी म्हणून. त्यात वाईट काही नाही. पण गेलेल्या माणसासाठी अशी जागा सोडत राहिलीस, तर खाली घेर आवळत जातो, आणि घालणाऱ्या पोरीला त्यात पाऊलसुद्धा टाकता येत नाही. तो स्कर्ट घालून ती कुठे जाणार होती, सांग बरं?"

तिनं डोळे पुसले. मग तिनं विचारलं, "आणि मागे कोण होतं, काका?"

"मी पन्नास वर्षं त्या पाण्यावर काढली," तांडेल म्हणाला. "तिथे कोण असतं ते मी कधी विचारलं नाही. घरी येताना तोंड गावाकडे ठेवायचं, एवढंच शिकलो."

त्यानंतर तिनं झपाट्यानं विणलं, रोज समुद्राकडे पाठ करून. शर्यतीच्या आदल्या दिवशी स्कर्ट पुरा झाला. तिनं शेवटची ओळ तीनदा मोजली. साठ.

शर्यतीच्या सकाळी पुळण माणसांनी फुलली होती. अबोलीनं स्कर्टची नाडी सोडली, तो आईच्या मांडीवर टाकला आणि बाकीच्या मुलींबरोबर ती पाण्यात धावली. आईनं तिला जाताना पाहिलं, लाटांच्या पलीकडे डोकी दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. मग तिनं मान खाली घातली आणि हाताला काही तरी काम हवं म्हणून ती स्कर्टच्या खालच्या काठाचे खांब मोजू लागली.

शेवटच्या खांबापाशी तिचं बोट थांबलं. तिनं शेजारी बसलेल्या तांडेलाकडे काठ सरकवला.

"काका, एकसष्ट आहेत."

त्यानं चष्मा सारखा करून पाहिलं. शेवटचा खांब जरा सैल होता, नवशिक्या हाताचा असावा तसा. बाकीचा स्कर्ट कोरडा होता आणि तो एक खांब ओला होता.

"हा घालताना तू समुद्राकडे बघितलंस?"

"मी हा घातलाच नाही, काका."

तांडेलानं काठ तिच्या हातात परत दिला. "मग तो उसवू नकोस," तो म्हणाला.

काळ्या खडकाला हात लावून अबोली परत आली. पहिली नाही, तिसरी आली. पण आईला त्या दिवशी पहिलं कोण आलं ते आठवतही नाही. लेक धापा टाकत समोर उभी राहिली आणि निथळत्या हातानं तिनं स्कर्ट मागितला. आईनं तो तिच्या कमरेला बांधून दिला. मग अबोली ढांगा टाकत मैत्रिणींकडे पळाली, आणि स्कर्टचा घेर तिच्या पावलांना पुरून उरला.