एका दिव्यातला शृंगार

शंकरराव हुद्देदारांनी 'फक्त प्रौढांसाठी' चित्रपट काढला आणि शृंगाराची सगळी दृश्यं एकाच दिव्यात उरकली. दिवेवाल्याने आणखी तीन दिवे मागितले, तर म्हणाले, "शृंगार अंधारातच खुलतो. तुला कला कळत नाही."

कोल्हापुरात ट्रायल शो झाला. चित्रपट घ्यायला आलेले वितरक रसिकभाई मध्यंतराआधीच घोरू लागले. खेळ संपताच हुद्देदारांनी सगळं खापर नायिकेवर फोडलं. मंदाबाई काटकरांची पस्तिशीत मिळालेली ही पहिलीच मोठी भूमिका. त्यांना काढून नवी बाई घेणार, असं हुद्देदारांनी त्यांच्यासमोरच जाहीर केलं. वर आम्हा पत्रकारांना हुकूम सोडला, "नायिका कमी पडली, असं छापा." चूक स्वतःची आणि बदनामी बाईची, हा या धंद्यातला जुना निर्लज्जपणा आहे.

मंदाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मी कुठे कमी पडले ते पडद्यावर दाखवा. मला शिकता येईल."

पलंगाचं दृश्य पुन्हा लावलं. हुद्देदार ऐटीत पडद्यापाशी गेले आणि काळोखातल्या एका आकारावर त्यांनी काठी टेकवली. "हे बघा. नायक एवढा जवळ आलाय आणि ही ओंडक्यासारखी पडून आहे. ना लाजणं, ना ओढ."

"साहेब, तो लोड आहे," मंदाबाई म्हणाल्या. "मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला आहे. आणि लोडाने त्याचं काम चोख केलंय, त्याला काढू नका."

रसिकभाई हसत हसत खुर्चीतून उठले. "हुद्देदार, बाई याच राहतील. फक्त या खेपेला त्या आम्हाला दिसू द्या."