न सुटलेली गाठ

कोटटायचं लोकांना अप्रूप होतं, तेव्हाची गोष्ट. निमकरसाहेबांच्या कपाटात एक लाल टाय होता. लग्नात मामांनी बांधलेली त्याची जाडजूड गाठ साहेबांनी कधी सोडलीच नव्हती. तो तसाच डोक्यातून काढून ते खुंटीला अडकवत.

एकदा निमुळत्या कॉलरचा नवा शर्ट आला. त्या कॉलरीत गाठ काही मावेना.

"टायबुवा, जरा सुटा. लहान गाठ शोभेल," कॉलर म्हणाली.

टाय कासावीस झाला. "आणि पुन्हा बांधताच आलं नाही तर? माझी चिंधी होईल!"

तेवढ्यात साहेबांनी गाठ सोडलीच. टाय थरथरत खाली लोंबला. अंगभर तो विटला होता, पण गाठीत दडलेला वीतभर भाग अजून लालचुटुक होता.

कॉलर हळूच म्हणाली, "इतकी वर्षं हा रंग जपलात खरा, पण दाखवलात कुणाला?"