पाठीवर चालणारी अळी

एकदा एका अंजिराच्या बागेत एक वृद्ध साधू आणि त्यांचा शिष्य राहत होते. त्यांचं कुंपण आमच्या कुंपणाला लागून, म्हणून हे मला ठाऊक.

शिष्याने तीन वर्षं खांद्यावरून पाणी वाहून ती झाडं जगवली होती. पहिलं फळ पिकलं आणि पाहतो तर फुटक्या अंजिरात डोकं खुपसून बसलेले हिरवे, चकचकीत भुंगेरे. आधीच तो चिडलेला, त्यात खताचा खड्डा उकरला तर आत अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या. ही हुमणी, आता मुळंही खाणार, असं त्याने ठरवूनच टाकलं. खड्ड्यावर काटक्या रचल्या, रॉकेल आणलं.

"काय हो, वर्षाचं खत पेटवताय?" मी कुंपणावरून विचारलं.

"खत नाही काकू, चोरांचं बाळंतघर."

आवाज ऐकून साधू बाहेर आले. त्यांनी एक अळी उचलून धुण्याच्या दगडावर ठेवली. "ही कडेपर्यंत जाऊ दे. मग खुशाल पेटव."

अळी उलगडली, उताणी झाली आणि सहाही पाय आभाळाकडे करून पाठीवरच सरकू लागली.

"पडली बिचारी," शिष्य म्हणाला आणि काडीने तिला सरळ केलं. ती पुन्हा उताणी. असं तीनदा झालं.

"पडली नाही रे, तिची चालच ती. मुळं खाणारी हुमणी अशी चालत नाही. ही कुजका पालापाचोळा खाते. अंधारात बसून हिच्या जातीने जे खत केलं, तेच तू झाडांना घातलंस. पंख फुटल्यावर बुलबुलाने फोडलेल्या फळाचा रस प्यायला हे भुंगेरे वर आले. राबताना तू त्यांना पाहिलं नाहीस, जेवताना मात्र पकडलंस."

शिष्य दगडापाशी उकिडवा बसला. मग त्याने अळी पानावर घेतली, खड्ड्यात सोडली, वरून ओला पाला सारला. काड्यापेटी कुंपणावरून माझ्या हातात दिली. "काकू, तुमच्या चुलीला होईल."

तेव्हापासून कुणी पंगतीला उशिरा येऊन बसलं, की मी आधी विचारते, सकाळपासून कुठे होतात? उत्तर ऐकलं की वाढताना हात आपोआप सैल होतो.