ठेंगणा घोडा आणि जुनं दावं

करवंदीच्या जाळ्यांनी गच्च भरलेल्या एका जंगलात एक शेळी राहत असे. तिच्याजवळ एक ठेंगणा घोडा होता. ठेंगणा म्हणजे किती, तर मान ताठ करून उभा राहिला तरी त्याचे कान शेळीच्या शिंगांच्या जेमतेम वर पोचत. मुलांनो, त्या जंगलातले सगळेच घोडे असे होते. जाळ्यांखालून जाणाऱ्या वाटा इतक्या बुटक्या होत्या, की उंच घोडा पहिल्याच वळणावर अडकून बसला असता. म्हणून ओझी वाहायची ती या ठेंगण्यांनीच. हा घोडा अगदी लहानपणी पोरका झाला होता. शेळीनं त्याला आपलं दूध पाजलं, थंडीत पोटाशी घेतलं, आणि तो तिला आई म्हणू लागला.

पुढे शेळी थकली. तिची लेक पलीकडच्या उंच कड्यावर राहत होती. "आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये," असा तिचा निरोप आला. शेळीचं काय, ती म्हातारपणीही कडा टकाटक चढून गेली असती. पण घोड्याला ते कसं जमावं? त्यानं तीनदा चढून पाहिलं आणि तीनदा घसरत खाली आला. तिसऱ्यांदा अंगावरची माती झटकत तो म्हणाला, "आई, मला वर न्यायचं तर कड्यालाच थोडं खाली वाकायला सांग."

शेळी हसली, पण आपल्यामागे याला चांगलं घर मिळायला हवं, एवढा एकच घोर तिला लागला. शेवटी तिनं घोड्याला बाजारात न्यायचं ठरवलं.

सुगी संपली, नदीचं पात्र कोरडं पडलं, की त्या वाळूत ठेंगण्या घोड्यांचा लिलाव भरत असे. सगळीकडे नुसती धमाल. कुणी घोड्याची आयाळ विंचरत होतं, कुणी त्याच्या कपाळावर मोराचं पीस बांधत होतं. मधल्या खडकावर हलगी घेऊन माकड बसलं होतं. लिलाव तेच पुकारत असे. किंमत ठरायची ती कडब्याच्या पेंढ्यांमध्ये. आणि त्या बाजाराची एक जुनी रीत होती. हलगीचे तीन ठोके पडले, की विकणाऱ्यानं आपलं दावं घोड्याच्या गळ्यातून सोडून घरी न्यायचं आणि घेणाऱ्यानं स्वतः आणलेलं नवंकोरं दावं बांधायचं. तोवर सौदा पुरा होत नसे.

शेळीच्या घोड्याची पाळी आली. माकड ओरडलं, "या मंडळी, या. दात पाहा, खूर पाहा, चाल पाहा. शेपटी मात्र ओढून पाहू नका. सकाळी मुंगसानं पाहिली, ते अजून वाळूत बसलंय."

"बसलेलो नाही, विश्रांती घेतोय," मुंगूस लांबून म्हणालं.

सशानं दहा पेंढ्यांची बोली लावली. मुंगसानं बसल्या जागेवरून पंधरा केली. मग गर्दीतून वाट काढत एक साळिंदर पुढे आलं. वाट काढायला त्याला फारसं काही करावं लागलं नाही, सगळे आपणहून बाजूला झाले. "चाळीस," ते हळूच म्हणालं.

घोड्यानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "काका, तुम्ही माझ्या पाठीवर बसणार असाल, तर मी आत्ताच लंगडायला लागतो."

"नाही रे बाबा," साळिंदर घाईघाईनं म्हणालं. "मी रताळी पिकवतो. पाठीवर लादून बाजारात आणली, की माझे काटे घुसून सगळ्या रताळ्यांना भोकं पडतात. लोक विचारतात, ही कुणी कुरतडली? मला फक्त गोणी वाहणारा सोबती हवा आहे."

सगळे खो खो हसले. शेळीही हसली. तेवढ्यात मागून शांत आवाज आला, "शंभर."

तो कोल्हा होता. अंगावर तेल चोपडलेलं, शेपूट झुबकेदार, बोलणं साखरेत घोळलेलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. एका ठेंगण्या घोड्याला शंभर पेंढ्या कुणी कधी दिल्या नव्हत्या. "शेळीताई," कोल्हा म्हणाला, "माझ्या पिल्लांना फिरवून आणायला हवाय हो घोडा. राजासारखा ठेवीन."

शेळीच्या डोळ्यांपुढे कडा उभा राहिला. उन्हाळ्यात तिथं गवताची काडी उरत नाही. शंभर पेंढ्यांत लेकीची सगळी करडं पोटभर खातील. आणि शंभर पेंढ्या देणारा घोड्यालाही जपेलच की, असं तिनं स्वतःला समजावलं. तिनं मान हलवली.

साळिंदरानं मान खाली घातली. त्याच्या घरी चाळीसच्या वर पेंढी नव्हती.

हलगीचे तीन ठोके पडले. रीतीप्रमाणे शेळी घोड्याच्या गळ्यातलं आपलं दावं सोडू लागली. डोळे भरून आल्यामुळे तिला गाठ दिसेना. कोल्ह्याला धीर नव्हता. त्यानं आपलं दावं तिच्या डोक्यावरूनच घोड्याच्या गळ्यात टाकलं, आणि ते शेळीच्या अगदी नाकाजवळ आलं.

ते नवं नव्हतं. वापरून वापरून काळं पडलेलं होतं. त्याचा फास ओढला की आवळत जाईल असा होता, आणि त्याच्या पिळात केस अडकले होते. काही काळे, काही पांढरे, काही तांबूस.

शेळीनं गाठ सोडायची थांबवली. "कोल्हेदादा," ती म्हणाली, "याआधी तुम्ही किती घोडे नेलेत?"

"तीन. दर वर्षी एक," कोल्हा ऐटीत म्हणाला.

"कसे आहेत ते?"

"मजेत आहेत की. खातात, पितात, लोळतात."

"घोडे घरी मजेत, मग त्यांचं दावं इथं बाजारात कसं?"

कोल्ह्याची जीभ अडखळली. "म्हणजे, आता ते नाहीत. पळाले. फार कृतघ्न निघाले."

"तिघेही?"

"तिघेही."

"दादा," शेळी शांतपणे म्हणाली, "मजेतून कुणी पळतं का?"

गर्दीत कुजबुज झाली. माकड खडकावरून उडी मारून खाली आलं. त्यानं दावं हातात घेतलं, फास ओढून पाहिला, केसांचे रंग मोजले.

कोल्हा तापला. "हलगी वाजलीय. माझ्या पेंढ्या तयार आहेत. घोडा माझा झाला."

"माझं दावं अजून त्याच्या गळ्यात आहे," शेळी म्हणाली.

"आणि रीत नव्या दाव्याची आहे," माकडानं जोडलं. "शंभर पेंढ्या मोजणाऱ्याला एक नवं दावं जड झालं होय? सौदा मोडला. जा कोल्होबा, जाताना तुमचं हे भूषणही घेऊन जा."

कोल्ह्यानं आजूबाजूला पाहिलं. सगळ्या बाजाराच्या नजरा त्याच्याकडे लागल्या होत्या. शेपूट पायांत घालून तो चालता झाला. मुंगूस तेवढ्यापुरतं उठून उभं राहिलं आणि त्याला वाट दाखवून पुन्हा बसलं.

शेळी साळिंदराकडे वळली. "भाऊ, तुमचं दावं बघू."

साळिंदरानं लाजत लाजत गाठोडं सोडलं. आत अंबाडीचं नवं दावं होतं. जिथं ते मानेला लागायचं, तिथं सावरीचा कापूस भरून वर मऊ कापड गुंडाळलं होतं. "थोडं ओबडधोबड झालंय," ते म्हणालं. "तीनदा विणलं. दोनदा माझ्याच काट्यांत अडकून उसवलं."

शेळीनं त्या कापसावरून गाल फिरवून पाहिला. मग तिनं घोड्याकडे पाहिलं. घोडा आधीच मान पुढे करून उभा होता.

"पण ताई, माझ्याकडे पेंढ्या चाळीसच," साळिंदर कसंनुसं म्हणालं. "शंभर गेल्या तुमच्या. बाकी माझ्याजवळ देण्यासारखं काही नाही. रताळ्याचे वेल आहेत ढीगभर, पण ते काय, मी फेकूनच देतो."

शेळीचे दोन्ही कान ताठ झाले. "काय करता?"

"फेकून देतो. बांधावर."

"अहो, रताळ्याचे वेल म्हणजे आम्हा शेळ्यांचं पंचपक्वान्न," शेळी म्हणाली. बोलता बोलताच तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

साळिंदर आधी चकित झालं, मग इतकं आनंदलं की त्याचे सगळे काटे उभे राहिले आणि जवळचे सगळे दोन पावलं मागे सरले. चाळीस पेंढ्या आणि उन्हाळाभर दर आठवड्याला गोणीभर वेल, असा सौदा ठरला. वेल कड्याच्या पायथ्याशी आणायचं काम अर्थातच घोड्याकडे आलं.

"म्हणजे मी दर आठवड्याला तुला भेटणार," घोडा म्हणाला. "आई, उगाच रडलीस तू."

"रडले कुठं? वाळू गेली डोळ्यांत."

माकडानं नव्यानं हलगीचे तीन ठोके दिले, आणि मग हात थांबेना म्हणून आणखी वाजवत राहिलं. ससे नाचू लागले. पुढच्या घोड्याच्या मालकिणीनं, एका हरणीनं, बोली लागायच्या आधीच सगळ्यांना सांगितलं, "ज्यांना ज्यांना बोली लावायची आहे, त्यांनी आपापली दावी आधी दाखवा." तिच्यापुढे लगेच रांग लागली.

शेळीनं आपलं दावं सोडून खांद्यावर टाकलं. घोडा नव्या घराच्या वाटेला लागला. पहिल्या जाळीपर्यंत तो शहाण्यासारखा चालला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं कान टवकारले आणि दुडक्या चालीनं पळायला सुरुवात केली. दाव्याचं टोक धरून साळिंदर मागून धापा टाकत पळत होतं.

"अरे थांब," ते ओरडत होतं, "घर माझं आहे, वाट मला ठाऊक आहे."

कड्याच्या वाटेवर उभी राहून शेळी ते पाहत होती, आणि मनापासून हसत होती.

तात्पर्य : आपलं जिवाभावाचं कुणाच्या हाती सोपवताना, तो किती देतो हे ऐकून भुलू नये, तो ते कसं जपेल, हे आधी पाहावं.