पिवळे उपरणे

एकदा एका रुग्णशाळेत मृत्यू ओळीने येऊ लागला. पहिल्या खाटेवरचा रुग्ण तापाने गेला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिघांच्याही जखमा साध्याच होत्या, पण त्या अचानक चिघळल्या.

चौथ्या खाटेवर पाय मोडलेला एक व्यापारी होता. त्याच्या जखमेत पू झाला होता आणि अंग तापले होते. पट्टी बदलायला आलेल्या वैद्यांच्या तरुण शिष्याला तो म्हणाला, "वैद्यबुवा, यम शिस्तीचा दिसतो. रांग मोडत नाही."

पाचव्या खाटेवरच्या विणकरणीने हे ऐकून दाराकडे पाहिले. तिचे पाऊल कापले होते. तिची दोन लेकरे दाराशी बसून होती.

शिष्य वृद्ध वैद्यांकडे गेला. "गुरुजी, इथे काहीतरी फिरते आहे. आज ते त्या विणकरणीकडे जाईल. तिला दुसरीकडे हलवू का?"

"हलवू नकोस," वैद्य म्हणाले. "जे फिरते ते आपण पाहू."

त्यांनी व्यापाऱ्याच्या जखमेवर स्वतः ओल्या हळदीचा लेप लावला. मग शिष्याला म्हणाले, "आता नेहमीसारखी फेरी कर. पट्ट्या सोड, बांध, पाणी पाज."

शिष्याने तसेच केले. प्रत्येक जखमेनंतर तो खांद्यावरच्या पिवळ्या उपरण्याला हात पुसत होता. दीक्षेच्या दिवशी गुरूंनी दिलेले ते उपरणे होते. गुरूंचा प्रसाद धुवायचा नाही, म्हणून त्याने तीन वर्षांत त्याला पाणी लावले नव्हते.

दुपारी वैद्य चुन्याच्या निवळीचे भांडे घेऊन आले. त्यांनी एक बोळा त्या पाण्यात भिजवला आणि व्यापाऱ्याच्या चादरीवर टेकवला. तिथे लाल डाग उमटला. पुढच्या खाटेच्या कडेवर त्यांनी बोळा टेकवला. तिथेही. विणकरणीच्या कोऱ्या पट्टीवरून बोळा फिरला आणि पांढऱ्या कापडावर हळूहळू पाच बोटे उगवली.

"कुणाचा हात आहे हा?" तिने घाबरून विचारले.

शिष्याने आपला पंजा त्या खुणेजवळ नेला. माप तंतोतंत जुळले.

वैद्यांनी उरलेले पाणी त्याच्या उपरण्यावर ओतले. टोकापासून खांद्यापर्यंत ते कुंकवासारखे लाल झाले.

"चुना लागला की हळद लाल होते, म्हणून आज दिसले," वैद्य शांतपणे म्हणाले. "पू दिसत नाही. तो याच वाटेने गेला. बाळ, इथे भूत नाही. ज्या हाताने तू दिलासा दिलास, त्याच हाताला धरून ताप पुढच्या खाटेकडे गेला."

शिष्याने उपरणे खांद्यावरून काढले. "ते तिघे माझ्यामुळे गेले."

"एकट्या तुझ्यामुळे नाही. कापड देताना 'हे रोज धू' असे मी सांगितले नाही. त्या पाच बोटांतली दोन माझी आहेत. पण दिलासा सोडू नकोस. दोन रुग्णांच्या मध्ये हात धूत जा."

शिष्याने उपरणे उकळत्या पाण्यात टाकले. चुलीतल्या राखेने कोपरापर्यंत हात घासले, उकळून निवलेल्या पाण्याने धुतले. मग नवी पट्टी घेऊन तो विणकरणीपाशी बसला.

"हात एवढे गार कसे रे?" तिने विचारले.

"धुवून आलोय, मावशी."

पंधरा दिवसांनी ती लेकरांचा हात धरून चालत घरी गेली. व्यापारी काही वाचला नाही. पण त्याच्यानंतर ती रांग पुढे सरकली नाही.

आजाऱ्याला स्पर्श करण्यापूर्वी आपल्या हातांना एवढेच विचारावे: याआधी कुठे होतात?