बत्तिसावा सोमवार

दर सोमवारी पाठशाळेत परीक्षा घ्यायची आणि जो शेवटचा येईल त्याचं नाव कायमचं काढून टाकायचं, असं फर्मान राजा भद्रसेनाने काढलं. दरबारातल्या पंडितांनी माना डोलावल्या. तेवढंच त्यांना नीट जमत असे.

पाठशाळेत युवराजांसह चाळीस मुलं होती; त्यांतली सात मुलं सात आठवड्यांत घरी बसली. एकाला त्या दिवशी ताप होता. एक जण विचार करून लिहायचा, म्हणून मागे पडला. राहिलेली मुलं शंका विचारेनाशी झाली, सोमवारी पाठ केलेलं मंगळवारी विसरू लागली. राजा मात्र खूश. पाठशाळेत आता ढ कोणी उरलाच नाही, असं तो येईल त्याला सांगे.

आठव्या सोमवारी तानीचं नाव निघालं. तिची आई सारजा पाठशाळेची झाडलोट करायची. पोर दोन दिवस जेवली नाही, तेव्हा सारजा थेट दरबारात गेली.

"परीक्षाच नको म्हणतेस?" राजाने विचारलं.

"परीक्षा हवी, महाराज. परीक्षा झाली म्हणून तर कळलं की अर्ध्या वर्गाला भागाकार येत नाही. तोवर गुरुजी खुशाल डुलक्या घेत होते."

दरबारात खसखस पिकली. राजाला ते झोंबलं. त्याने अट घातली, की फर्मानाविरुद्ध एक शब्दही न बोलता सारजेने ते मागे घ्यायला लावावं. शब्द वावगा गेला, तर मायलेकींनी राज्याबाहेर चालतं व्हावं.

सारजेने पदर खोचला.

"फर्मान उत्तम आहे, महाराज. माझं मागणं एवढंच, की ते शेवटपर्यंत चालू ठेवा. एकही सोमवार चुकवू नका."

राजा बुचकळ्यात पडला. "यात तुझा काय फायदा?"

"आता राहिली बत्तीस मुलं. दर सोमवारी एक गेलं, की एकतीस सोमवारांनी एकच उरेल. सगळ्यांत हुशार. ते आपले युवराजच असणार, नाही का?"

"अर्थात," राजाने मिशीवरून हात फिरवला.

"मग बत्तिसाव्या सोमवारी युवराज एकटेच परीक्षेला बसतील. पहिले तेच येतील आणि शेवटचेही तेच. त्यांचं नाव कोण काढणार, तेवढं आजच ठरवून ठेवा."

पंडित बोटं मोजू लागले. राजाने मोजली नाहीत. तो इतका हसला की पागोटं सुटलं.

फर्मान त्याने तिथेच फाडलं. आठही मुलं परत आली. परीक्षा राहिली, पण जो शेवटचा येईल त्याला गुरुजींनी सगळ्यांच्या आधी शिकवायचं ठरलं. सारजेला सोन्याचं कडं मिळालं आणि आठवडाभराची सुट्टी. त्या आठवड्यात पाठशाळा पंडितांनी झाडली.